पसंतीक्रमातील शेवटचे नाव

बारावीचा निकाल जवळ आला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतून एक यादी तयार होऊ लागते. जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींच्या घरी या यादीचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. सर्वांत वर एम.बी.बी.एस., त्याखाली दंतवैद्यक, मग आयुर्वेद, होमिओपॅथी, त्यानंतर फिजिओथेरपी, मध्येच कुठेतरी औषधनिर्माणशास्त्र आणि हे सारे संपल्यावर, कागदाच्या तळाशी, काहीशा संकोचाने लिहिलेले नर्सिंग. अनेक घरांत तर ते लिहिलेही जात नाही. ‘नीट’चे गुण हाती पडतात, एकेक दार बंद होत जाते आणि पावसाळा निम्मा सरल्यावर वडील कुणा ओळखीच्याला दूरध्वनी करून विचारतात, ‘‘नर्सिंगचे अर्ज अजून चालू आहेत का हो?’’

या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी असते, कारण बी.एस्सी. नर्सिंग या पदवीसाठी महाराष्ट्रात २०२३ पासून स्वतंत्र सामायिक प्रवेश परीक्षा घेतली जाते आणि तिचा अर्ज बारावीच्या लेखी परीक्षेच्या आसपास, म्हणजे निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. ज्याने या अभ्यासक्रमाचा विचार आधीच केला आहे, त्याच्यासाठीच ही व्यवस्था आहे. ‘दुसरे काही मिळाले नाही तर’ असे म्हणणाऱ्याला ती दारातच थांबवते. मला यात काही गैर वाटत नाही. एखाद्या व्यवसायाला आपण आयुष्यातील उरलेसुरले देऊ करावे आणि त्याने ते आनंदाने स्वीकारावे, ही अपेक्षाच मुळात उद्धटपणाची आहे.

आपला समाज परिचारिकेविषयी बोलताना फार गोड बोलतो. तिला तो ‘सेवेची मूर्ती’ म्हणतो, दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, तिचा सत्कार करतो. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी आपण सर्वांनी सज्जांत उभे राहून तिच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत देशातील अनेक शहरांतून बातम्या येऊ लागल्या की, घरमालक परिचारिकांना घर सोडायला सांगत आहेत, शेजारी जिना वापरू देत नाहीत. शेवटी २२ एप्रिल २०२० रोजी साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हिंसा अजामीनपात्र करावी लागली आणि त्या हिंसेच्या व्याख्येत त्यांना राहत्या जागी दिला जाणारा त्रासही धरावा लागला. एका महिन्याच्या अंतरात घडलेल्या या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे आपल्या कृतज्ञतेची खोली किती आहे, याचा अंदाज येतो. त्याच कृतज्ञतेचे घरगुती रूप म्हणजे पसंतीक्रमातील ते शेवटचे नाव.

सेवा हा शब्द आपल्याला प्रिय आहे आणि तो असावा. परंतु ज्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो, ती परंपरा रुग्णसेवेकडे कशा दृष्टीने पाहत होती, हे एकदा नीट तपासायला हवे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. या प्रत्येकाचे पुन्हा चार-चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण कोणते? उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. या क्रमाकडे लक्ष द्यावे. रुग्णाविषयीचा जिव्हाळा तिसरा आला आहे. पहिले स्थान आहे ज्ञानाला. उपचार कसा करायचा हे ठाऊक असण्याला. दुसरे कौशल्याला. आपण मात्र नेमके उलटे केले. ‘तिच्या हाताला गुण आहे, स्वभावाने प्रेमळ आहे’ एवढ्यावर आपण परिचारिकेची गुणवत्ता संपवतो आणि तिला काय येते, ती काय शिकली, हे विचारण्याची आपल्याला गरजच वाटत नाही. चिकित्सेचा एक पूर्ण पाद ज्याच्यावर उभा आहे, त्या माणसाला डॉक्टरांचा हरकाम्या समजणे, हे त्या परंपरेचे अज्ञानच होय.

हे अज्ञान आजचे नाही. रोग्याचे मलमूत्र, रक्त, पू यांना स्पर्श करणे हे काम आपल्या समाजाने विटाळाच्या कल्पनेत अडकवले आणि ते काही विशिष्ट हातांवर सोपवून आपण मोकळे झालो. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्या काळी सुशिक्षित म्हणवणारी कितीतरी घरे दाराला कडी लावून बसली होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना केली आणि हिंदू घरांतील स्त्रियांना, त्यातही विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवण्याचा उद्योग आरंभला. ससून रुग्णालयात जाऊन रोग्यांना हात लावणे हे ‘आपल्या’ मुलींचे काम नव्हे, असे सांगणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभ्या केलेल्या रुग्णालयाप्रमाणे ख्रिस्ती मिशनच्या अनेक रुग्णालयांनी परिचारिका घडवण्याचे काम नेटाने केले, हे श्रेय देण्यात कद्रूपणा करण्याचे कारण नाही. केरळच्या मुली देशभरातील रुग्णालयांत का दिसतात, याचेही उत्तर तिथेच सापडते. तेथील समाजाने, आणि आता केवळ ख्रिस्ती समाजाने नव्हे, या शिक्षणाला प्रतिष्ठेचे शिक्षण मानले. आपण मानले नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत मल्याळी परिचारिका भेटल्यावर ‘यांना मराठी येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या गृहस्थाने आपल्या घरातील किती मुलींना नर्सिंगचा अर्ज भरू दिला, हेही सोबत सांगावे.

आता या शिक्षणाचे स्वरूप काय आहे, ते पाहू. पुष्कळ पालकांच्या मनात नर्सिंग म्हणजे एकच काहीतरी असते. वस्तुतः त्यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पदविका पूर्ण केलेल्यांना पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीपर्यंत येता येते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार पदवीचे शिक्षण आठ सत्रांत विभागले गेले आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र यांपासून मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्यापर्यंतचे विषय त्यात आहेत, आणि त्यांच्या जोडीने रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास. ज्यांना हा अभ्यासक्रम ‘सोपा’ वाटतो, त्यांनी औषधशास्त्राचे एखादे पाठ्यपुस्तक उघडून पाहावे. अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता रुग्णाचा रक्तदाब उतरू लागतो, तेव्हा ते प्रथम परिचारिकेच्या ध्यानात येते. कोणते औषध चालू आहे, त्याची मात्रा किती, डॉक्टरांना नेमके काय सांगायचे, याचा निर्णय तिला काही क्षणांत घ्यावा लागतो.

या पदवीच्या अर्जासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला त्यांत किमान ४५ टक्के गुण लागतात आणि वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा १०० गुणांची व ९० मिनिटांची आहे. वरील चार विषयांना प्रत्येकी २० गुण आणि उरलेले २० गुण नर्सिंगच्या अभियोग्यतेला. हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. परीक्षा घेणारी यंत्रणा निदान विचारते आहे की, तुला या कामाची जाण आहे का? पालकांनीही मुलांना तो प्रश्न विचारायला हरकत नाही. मात्र तो ‘तुला जमेल का बाई, ते घाणीचे काम?’ अशा स्वरात नसावा.

परीक्षा झाली, गुण कळले, की केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया सुरू होते. इथे हुशार मुलेही ठेच खातात, आणि ती अभ्यासाने नव्हे, कागदांनी. अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र : यांतील एखादा कागद तहसील कचेरीत अडकला म्हणून आरक्षणाचा हक्क असलेली मुलगी खुल्या प्रवर्गात ढकलली जाते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाचे वडील हे कागद अकरावीतच गोळा करू लागतात. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीचे वडील फेरी सुरू झाल्यावर जागे होतात. जात वैधतेच्या अर्जाला किती महिने लागतात, हे ज्याने कधी तो अर्ज केला आहे, त्याला सांगायला नको.

यातील एक बाब तर पैशांशीच निगडित आहे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत दिली. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणजे वेळेवर अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीचे शिक्षण शुल्क माफ होऊ शकते आणि तिच्याच शेजारची, तितकेच गुण मिळवलेली मुलगी ‘जागा पक्की करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागून लाखांत पैसे मोजते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अशा मध्यस्थाला आधी रोख रक्कम दिली आणि मग त्यांना कळले की मुलीचे गुण पाहता तिला प्रक्रियेतूनच जागा मिळाली असती. दिलेल्या पैशांची पावती नव्हती. पावती नसलेल्या पैशाची तक्रार कुणाकडे करणार? देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि खासगी विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश व शुल्क यांचे नियमन करणारा कायदाही २०१५ पासून अस्तित्वात आहे. कायदे आहेत, त्यांचा आधार घेणारा पालक हवा.

आणि समजा, पैसे देऊन जागा मिळाली, तर ती कुठे मिळाली, हेही पाहावे लागते. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात जे घडले, ते महाराष्ट्रातील पालकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली. २०२४ च्या आरंभी न्यायालयापुढे आलेल्या अहवालानुसार १६९ संस्था योग्य, ६६ सर्वस्वी अयोग्य, तर ७३ संस्थांत त्रुटी आढळल्या. कथा इथेच संपली नाही. मे २०२४ मध्ये तपास करणाऱ्या विभागातील निरीक्षकच लाचेच्या प्रकरणात पकडला गेला आणि योग्य ठरवलेल्या संस्थांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या साऱ्या काळात विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या. ज्यांनी चार वर्षांची पदवी म्हणून प्रवेश घेतला होता, त्यांना आपली पदवी कधी पूर्ण होणार, हे कळेनासे झाले.

अशा संस्था फोफावतात, याचे एक कारण भ्रष्ट तपासणी हे आहेच. दुसरे कारण असे की, प्रवेश घेणारा काही पाहतच नाही. वैद्यकीय महाविद्यालयात जागा घेताना पालक तेथील रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग किती भरतो, हेसुद्धा विचारून येतात. नर्सिंगच्या बाबतीत इमारतीचा रंग आणि वसतिगृहाची फाटकाची वेळ एवढ्यावर समाधान होते. परिचर्या ही रुग्णाच्या खाटेशेजारी शिकायची विद्या आहे. संस्थेचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, असा परिषदेचा दंडक त्यासाठीच आहे. रुग्णालय कागदावर आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, अशा ठिकाणी शिकून बाहेर पडलेल्या मुलीला पहिली शीर शोधायला आपल्यापैकीच कुणाचा तरी हात मिळणार आहे, हे लक्षात ठेवावे.

इतके सारे करून पदवी मिळाली, राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी झाली, तर पुढे काय? शासकीय सेवेत चित्र बरे आहे. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरच्या पदाला सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तरावर, म्हणजे ४४,९०० रुपये मूळ वेतनावर, नेमणूक होते. सैन्यदलाच्या पुणे येथील महाविद्यालयासह, मुंबईतील ‘अश्विनी’ नौदल रुग्णालय आणि अन्य काही लष्करी रुग्णालयांत मुलींसाठी बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण आहे. त्याला ‘नीट’ द्यावी लागते आणि शिक्षणानंतर सैनिकी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून दाखल होता येते. ग्रामीण उपकेंद्रांत २०१८ पासून आलेल्या सामुदायिक आरोग्य अधिकारी या पदाने बी.एस्सी. झालेल्या परिचारिकेला प्रथमच गावपातळीवर स्वतःच्या जबाबदारीवर काम करण्याची संधी दिली.

खासगी रुग्णालयांचे चित्र मात्र लाजिरवाणे आहे. परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला त्यावर समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली ती अशी : दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतकेच वेतन, शंभरहून अधिक खाटा असल्यास दहा टक्क्यांपेक्षा कमी पडू नये, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी पडू नये आणि पन्नासहून कमी खाटांतही वीस हजार रुपयांपेक्षा कमी देऊ नये. या शिफारशींना आता दशक होत आले. आपापल्या गावातील शंभर खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला हाती किती मिळतात, हे वाचकांनी स्वतःच विचारून पाहावे. २०११ मध्ये मुंबईतील खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवून सक्तीने राबवून घेणाऱ्या बंधपत्राच्या विरोधात. स्वतःचे प्रमाणपत्र परत मागण्यासाठी पदवीधराला आंदोलन करावे लागते, असे दुसरे कोणते क्षेत्र आहे?

इथे ‘सेवा’ या शब्दाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सेवाभावी म्हणवणाऱ्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आपल्यातलेच लोक असतात. डॉक्टरच्या मानधनाचा विषय निघाला की बाजारभाव पाहिला जातो आणि परिचारिकेच्या पगाराचा विषय निघाला की सेवेचा आदर्श सांगितला जातो. सेवा ही स्वतःहून द्यायची गोष्ट आहे; दुसऱ्याच्या पगारातून ती कापून घेता येत नाही. ज्या मंडळांना हे मान्य नसेल, त्यांनी आपल्या रुग्णालयात मराठी मुली टिकत नाहीत, अशी खंत व्यक्त करू नये. त्या परदेशी जातात, म्हणून त्यांना बोल लावण्याचा अधिकारही मग आपल्याला राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जर्मन भाषा शिकून तिथे जाणारी मुलगी देशद्रोह करीत नाही. तिने फक्त आपल्या शिक्षणाची किंमत कुठे होते, ते पाहिले आहे.

गरज मात्र इथेही थोडी नाही. दर हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका असाव्यात, हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने नेहमी सांगितले जाते. केंद्र शासनाने संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांनुसार आपल्याकडे ते सुमारे दोन आहे, आणि तेही नोंदणीवरून काढलेले. परदेशी गेलेल्या, निवृत्त झालेल्या, संसारात अडकून काम सोडलेल्या अशा साऱ्यांची नावे त्या नोंदणीत असतातच. ही उणीव लक्षात घेऊनच २६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ पासून उघडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी शासकीय नर्सिंग महाविद्यालये उभारण्यासाठी १,५७० कोटी रुपयांना मान्यता दिली. त्याच वर्षी संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत केला. जागा वाढत आहेत, कायदा बदलतो आहे. त्या जागांवर अर्ज कोण करणार, एवढाच प्रश्न आपल्या घरांकडे येतो.

आणि ‘आपल्या घरांकडे’ म्हणताना केवळ मुलीच का डोळ्यांसमोर याव्यात? पुरुष परिचारक ही कल्पना आपल्याला अजून विनोदी वाटते. चरकाला वाटली नव्हती, त्याने परिचारकाचे वर्णन पुल्लिंगातच केले आहे. आज ‘एम्स’सारख्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत स्त्रिया व पुरुष यांचे प्रमाण ८०:२० असे ठरवलेले आहे. अपघात विभागात, मनोरुग्णालयात, जिथे रुग्णाला उचलून आवरावे लागते, तिथे पुरुष परिचारकाची उणीव रोज जाणवते. तरीही बारावीच्या वर्गातील एखाद्या मुलाने नर्सिंगचा अर्ज भरला तर मित्र त्याची थट्टा करतात आणि काका-मामा त्याच्या वडिलांचे सांत्वन करायला येतात.

पदवीच्या पुढेही रस्ता आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नोंदणीकृत परिचारिकेला पदवीत ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव असल्यास दोन वर्षांच्या एम.एस्सी. नर्सिंगसाठी अर्ज करता येतो; वैद्यकीय-शल्य, बाल आरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा शाखा त्यात आहेत. मात्र यातून एक विपरीत गोष्ट घडते. एम.एस्सी. झालेली परिचारिका बहुधा महाविद्यालयात शिकवायला जाते आणि खाटेपाशी कधीच परत येत नाही. कारण वॉर्डात तिच्या पदव्युत्तर ज्ञानाला ना वेगळे पद, ना वेगळे वेतन. अनुभवाचे ते एक वर्षही मग कागदोपत्री उरकण्याकडे कल होतो. परिषदेने अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनर हा निवासी पद्धतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम गेल्या दशकात सुरू केला, तो या दृष्टीने योग्य दिशेचा आहे. पण त्याला साजेशी पदे रुग्णालयांनी निर्माण केली नाहीत, तर तोही भिंतीवर टांगायच्या प्रमाणपत्रापुरता उरेल. ही पदे निर्माण करणे शासनाप्रमाणेच मोठ्या धर्मादाय रुग्णालयांच्याही हातात आहे आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

यंदा ज्यांच्या घरी हा अर्ज भरायचा असेल, त्यांना एक सुचवावेसे वाटते. पसंतीक्रम नोंदवण्यापूर्वी मुलाला वा मुलीला घेऊन त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. सकाळी नव्हे, सायंकाळी पाळी बदलण्याच्या वेळी. किती खाटा भरलेल्या आहेत, एका परिचारिकेच्या वाट्याला किती रुग्ण येतात, विद्यार्थिनी तिच्याबरोबर उभ्या आहेत की कोपऱ्यात वह्या पूर्ण करीत बसल्या आहेत, हे अर्ध्या तासात दिसते. पाळी संपवून निघालेल्या एखाद्या परिचारिकेला नम्रपणे विचारावे की, तिने स्वतःच्या मुलीला इथे शिकायला पाठवले असते का. ती जे उत्तर देईल, त्याप्रमाणे त्या महाविद्यालयाचा क्रमांक लिहावा.